गड्डा बंद केला होता

सोलापूर, रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

आठ महिने फोन नाही, मेसेज नाही, आणि आता एकदम पत्र. शिव्या घालून झाल्या की पुढं वाच. आईचा गुडघा तसाच, माझं पित्त तसंच. झालं.

काल मी 'गड्डा' नावाचा आपला सर्व्हर बंद केला आणि आज सकाळी परत चालू केला. हे सांगायचं कुणाला? बायकोला वाटलं, गड्ड्याच्या जत्रेबद्दल बोलतोय.

तू गेल्यावर आपल्याला क्लाउडवाल्यांच्या, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर भाड्यानं देणाऱ्यांच्या, स्टार्टअप योजनेतून २५,००० डॉलरचं क्रेडिट मिळालं, दोन वर्षांसाठी. गूगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, सगळ्यांच्याच असल्या योजना आहेत. पैसे हातात येत नाहीत, बिलातून वळते होतात, आणि मुदत संपली की उरलेलं गेलं. आता मला सांग, आपल्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी सुटलं की लोक काय करतात? पिंपं, घागरी, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवतात. मी तेच केलं. ४१ टॉवेल-चादरवाल्यांच्या ऑर्डरी आणि सुताचा स्टॉक सांभाळायला असला डेटाबेस घेतला, की त्यात अक्कलकोट रोडची एमआयडीसी मावून वर चिंचोलीलाही जागा उरेल. तू जायच्या आधीच यावरून पार्क चौकात चहा सांडेपर्यंत भांडला होतास, "एक सर्व्हर पुरतो बे, तुला हत्ती पाळायचाय." मी तुला कोता म्हणालो होतो. ते मागं घेतो. कोता नव्हतास, नुसता उर्मट होतास.

तर मार्चमध्ये क्रेडिट संपतंय, आणि बिल गेलंय महिन्याला १,१०,००० वर. त्यावर १८ टक्के जीएसटी. आपली मिळकत ४१ गुणिले २,५००. गणितात तू बरा होतास.

योजनेत त्यांची एक सपोर्ट इंजिनिअर मिळते. पंधरा दिवसांतून तासभर. त्या बाईंनी बिल ओळीओळीनं उघडलं आणि मी लग्नात पंगतीतून उठवल्यासारखा बसलो होतो. टेस्टिंगचे सर्व्हर आठवड्याचे १६८ तास चालू, आपण काम करतो ७२ तास. मशीन काढून टाकली तरी त्यांच्या डिस्क तशाच, भाडं चालूच. एका नेटवर्कचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, कुणीच वापरत नव्हतं, पण तो तासावर पैसे घेतो, उभ्या रिक्षाचं मीटर पडावं तसा. बिलांचे जुने फोटो महागड्या साठवणीत. हे सगळं आवरलं, डेटाबेस लहान केला, आता ३८,००० वर आलोय. मग बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे गड्डा काय आहे?"

मला सांगता येईना. महिन्याला सातशे रुपये, बनवणारा तू, बस. त्या म्हणाल्या, डिलीट करू नका, नुसतं थांबवा, कुणी ओरडतंय का बघा.

आज सकाळी साडेसहाला आपल्या टॉवेलवाल्या अण्णांचा फोन. "काय ओ, आज निरोप आला नाही."

कसला निरोप? चालू केलं, पण पासवर्ड तुझ्याकडं. शेवटी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बघितली. तुझी एकच फाईल, त्यात एकच नंबर. रोज सकाळी सहाला अण्णांना तेलुगूत मेसेज जातो, टॉवेल किती डझन शिल्लक, सूत किती. बोलायला अण्णा आपल्याहून अस्सल सोलापुरी, त्यांना मराठी वाचता येत नाही हे मला आज कळलं. त्या जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या जत्रेत, पंधरा दिवस तू काय करत होतास म्हणून मी सगळ्यांसमोर विचारलं होतं. तू गप्प बसलास. का बसलास रे? एक शब्द बोलला असतास तर. आणि तेलुगू कुणाकडून लिहून घेतलंस? पूर्व भागातल्या मावशींकडूनच ना? त्याही बोलल्या नाहीत कधी.

असो. घर झालं म्हणे हडपसरला, अभिनंदन. पोरगी चालायला लागली का? वहिनींना शेंगाचटणी पाठवतोय, पप्या बुधवारी हुतात्मानं येतोय.

आता खरी अडचण. कंपनी म्हणते, एका वर्षाचं बांधून घ्या, दर उतरवतो. शिवाय आमच्या खास डेटाबेसवर या, नवं क्रेडिट देतो. पण तो डेटाबेस दुसरीकडं कुठं चालत नाही. डेटा आत घालायला फुकट, बाहेर काढायला मात्र बहुतेक वेळा पैसे. गड्ड्यात कुणी असला पाळणा लावला असता तर लोकांनी मालकाला चोपला असता. आणि वर्षाचं बांधून घेतलं की गिऱ्हाईक गळालं तरी पैसे भरायचेच, दोन कारखाने दिवाळीपासून बंद आहेत. मला वाटतं, निम्म्याचंच बांधून घ्यावं आणि नव्या क्रेडिटला हात लावू नये. पण माझ्या वाटण्याचा इतिहास तुला पाठ आहे. मंगळवारी त्यांना उत्तर द्यायचंय, त्याआधी फोन कर की.

गड्डा राहतोय. अण्णा म्हणाले, त्यात सुताचा शब्द चुकलाय, पहिल्या दिवसापासून चुकलाय. मी म्हटलं दुरुस्त करतो. तर म्हणाले, "नको, रोज हसतो मी."

तुझा,
हत्तीवाला