बाबा, बेडकाचा आवाज कुठून येतो

पुणे, ज्येष्ठ वद्य

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, पाऊस लागलाय, बेडकांनी रात्रभर डोळा लागू दिला नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, बाबांनी उदासीवरची गोळी परत बंद केलीय. पाकीट देव्हाऱ्यात तसबिरीमागं सरकवून ठेवलंय, आल्यागेल्याला दिसू नये म्हणून. या दोन्ही गोष्टी रात्रभर माझ्या डोक्यात एकत्रच फिरत राहिल्या. फोनवर बाबा "बरंय" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून पत्र लिहितेय.

बाबा, मी चौथीत असताना नदीकडच्या रानात उसाच्या सरीत पाणी तुंबलं होतं, तेव्हा तुम्ही मला रात्री बेडूक दाखवायला नेलं होतं. बॅटरीवर तुम्ही तळहात धरला होता, बोटांच्या फटीतून लाल उजेड येत होता. हळूच हात बाजूला केलात तर समोर पिवळाधमक बेडूक! गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे, आणि ओरडताना सगळं अंग हलत होतं. "सरी भरेपर्यंत हा कुठं होता?" असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "हितंच होता. वेळ आली नव्हती." प्राणीशास्त्र मी त्या रात्रीमुळंच घेतलं.

ती वेळ कशी येते, ते आता सांगते. आफ्रिकेच्या दक्षिणेला झेनोपस नावाचा बेडूक आहे. पाण्यातच राहतो, मागच्या पायांना नख्या असतात. आपला बेडूक हवा फुंकून ओरडतो. हा पाण्याखाली, श्वास बाहेर न सोडता, घशातल्या दोन कूर्चा ओढून टिकटिक करतो. मादीला बोलावताना नराचे सेकंदाला साधारण ६० ठोके पडतात, मग ते ३० वर येतात, मग पुन्हा ६०. अमेरिकेत आयाको यामागुची या संशोधिकेनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बेडकाचा मेंदू बाहेर काढून, प्राणवायू मिसळलेल्या खारट द्रावणात जिवंत ठेवला आणि त्यात सेरोटोनिन सोडलं, म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन. घसा नाही, तोंड नाही, पाणी नाही. तरी घशाकडं जाणाऱ्या मज्जातंतूच्या तुटक्या टोकात तीच लय उमटली, जणू बेडूक गातोय! हे काम २००७ साली छापून आलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तीनदा वाचलं.

म्हणजे गाणं आधीपासून मेंदूच्या मागच्या भागात पेशींच्या जाळ्यात बसलेलं असतं. काही पेशी ताल धरतात, काही घशाच्या स्नायूंना हुकूम सोडतात. नराची ही जुळणी संप्रेरकांनी होते. मादीला टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक दिलं तर काही आठवड्यांत तीही नरासारखी हाक देऊ लागते. पण जाळं तयार असलं तरी ते सुरू व्हायला रसायन लागतं. नदीवरचं आपलं जुनं डिझेल इंजिन आठवा. सगळं जागेवर असायचं, पण हँडल मारल्याशिवाय धडधड नव्हती. गप्प बसलेल्या इंजिनाला तुम्ही कधी आळशी म्हणाला नाहीत.

आता गोळीचं. आईनं पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं, म्हणून खात्रीनं सांगते: ही गोळी सेरोटोनिनवरच काम करते. दोन पेशींच्या मधल्या फटीत सुटलेलं सेरोटोनिन लगेच परत ओढून घेतलं जाऊ नये, एवढं ती बघते. बेडकाची हाक आणि माणसाचं मन एक नव्हे, हे मला कळतं. मनाची उदासी म्हणजे सेरोटोनिन कमी पडलं, इतकं सोपं गणितही नाही. पण काका गेल्यापासून तुम्ही भजनाला जात नाही, पेटी उघडत नाही, आणि आईला सांगता, "मन घट्ट करायला पाहिजे, गोळ्या वेड्यांना लागतात." बाबा, हे बरोबर नाही. आवाज नुसत्या मनाच्या जोरावर निघत नाही. रक्तदाबाची गोळी तुम्ही सगळ्यांसमोर घेता ना, तशीच ही.

आणखी दोन गोष्टी. हिचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडायची नसते. आणि मनानं एकदम बंद केली तर चक्कर, झोप उडणं, जीव घाबरा होणं असा त्रास होऊ शकतो. मागच्या आठवड्यात तुम्हाला गरगरलं, ते कदाचित यामुळंच असेल. मध्ये खंड पडलाय, म्हणून पुन्हा कशी सुरू करायची ते डॉक्टरांना विचारूनच. उद्या सकाळी मीच त्यांना फोन करते.

आई, पाकीट तसबिरीमागून काढ आणि मीठ-लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेव. शनिवारी रात्रीच्या गाडीनं भिलवडीला उतरते. बाबा, बॅटरी चार्ज करून ठेवा, सरी भरली असेल तर जाऊ.

तुमची,
ताई