सुट्टीच्या दिवशी धरणारी कंबर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई म्हणते "बाबांना देते" आणि बाबा म्हणतात "आईशी बोल". म्हणून लिहिते आहे. दोघं एकत्र बसून वाचा.

माझ्या दुखण्याचं नाव आता कागदावर आलंय. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. संधिवाताचाच प्रकार आहे, पण हा बोटांपासून सुरू होत नाही. पाठीचा कणा खाली जिथे कंबरेच्या हाडांना जुळतो ते सांधे आधी सुजतात, मग दुखणं मणक्यांतून वर चढतं. माझ्या एमआरआयमध्ये ती सूज दिसली. साध्या एक्स-रेत दिसली नव्हती, आणि त्याच एक्स-रेच्या जोरावर मला "सगळं नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवत होते. एक्स-रेत बदल उमटायला कित्येक वर्षं लागतात. आरए फॅक्टर म्हणजे संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी, तीही या आजारात सहसा निगेटिव्हच येते, तरी "निगेटिव्ह आहे, म्हणजे संधिवात नाही" असं मला दोन ठिकाणी ठासून सांगितलं गेलं.

संधिवाताच्या डॉक्टरबाईंनी फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, "पडून राहिल्यावर बरं वाटतं, की हिंडल्यावर?" मी उत्तर माझं दिलं, पण डोळ्यांसमोर बाबा होते.

बाबा, आठवतंय ना, ड्युटीच्या दिवशी तुम्ही दिवसभर उभ्याने तिकिटं फाडायचात, घाटात गाडी हेलकावे खायची, तरी संध्याकाळी ताठ घरी यायचात. आणि सुट्टीच्या दिवशी कॉटवर आडवे झालात की दुपारपर्यंत उठता यायचं नाही. आई म्हणायची, "दळण आणायची वेळ झाली की यांची बरी कंबर धरते!" आपण सगळे हसायचो, तुम्हीही. पहाटे तीन-साडेतीनला उठून अंगणात येरझाऱ्या घालायचात, ती पहिल्या गाडीची सवय आहे असंच आम्ही धरून चाललो होतो. तरुणपणी सुरू झालेलं, पहाटे झोपमोड करणारं, सकाळी अर्धा-पाऊण तास अंग आखडून ठेवणारं आणि हालचालीने सैल होणारं दुखणं ही या आजाराची अगदी ठरलेली खूण आहे. हे सगळं तुम्ही डॉक्टरांना सांगायचात. तालुक्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी "मणक्यात गॅप आलाय, कंडक्टरला खड्डे चुकत नाहीत" म्हणून पट्टा दिला आणि महिनाभर झोपून राहायला सांगितलं. याच्याइतका उलटा सल्ला शोधून सापडणार नाही.

मला राग याचा येतो की हे ज्ञान काही कालचं नाही. एचएलए-बी२७ या जनुकाचा आणि या आजाराचा संबंध १९७३ मध्ये जाहीर झाला. तुम्ही तेव्हा शाळेत होतात. तुमची कंबर धरली तोवर ते पाठ्यपुस्तकांत होतं.

माझ्या वाट्याला वेगळी कारणं आली. सिझरच्या वेळी पाठीत दिलेलं इंजेक्शन, बाळाला कडेवर घेणं, कॅल्शियम कमी. एका डॉक्टरांनी तर माझ्याकडे न बघता ह्यांना सांगितलं, "मॅडमना जरा फिरवून आणा, टेन्शन दिसतंय." मी समोर बसलेली! "हा पुरुषांचा आजार" असं पूर्वी मानत. बायकांमध्ये एक्स-रेतले बदल उशिरा आणि कमी दिसतात, त्यामुळे त्यांचं निदान आणखी रखडतं. आई, "तू फार मनाला लावून घेतेस" असं तूही म्हणायचीस, पण ते डॉक्टरांचंच वाक्य तुझ्या तोंडून यायचं. त्याचं मला काही वाटत नाही.

आणि आत्या. तिचा एकच डोळा लाल व्हायचा, उजेड सहन व्हायचा नाही, आणि दरवेळी "डोळे आले" म्हणून गुलाबपाणी नाहीतर मेडिकलमधले थेंब. या आजाराच्या साधारण चौघांपैकी एकाला डोळ्याच्या आत सूज येते. ती वेळेवर उतरवली नाही तर नजर जाऊ शकते. आत्याला मी फोन करणार आहे. तिची कंबर कशी आहे, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलंय का?

बाबा, परवा तुम्ही हळूच म्हणालात, "माझ्यामुळे पोरीला भोगावं लागतंय." असं पुन्हा म्हणू नका. ते जनुक तुम्हालाही कुणाकडून तरी आलं असेल. मुलाकडे ते जायची शक्यता निम्मी, आणि गेलं तरी बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. मात्र घरात एक रुग्ण असला की बाकीच्यांनी सावध राहावं, एवढं खरं.

म्हणून छोट्याचं. त्याची टाच सकाळी टेकवत नाही आणि तो बुटात सिलिकॉनचं पॅड घालून हिंडतोय. या आजारात स्नायूबंध हाडाला चिकटतात तिथेही सूज येते, टाच ही त्यातली नेहमीची जागा. त्याला हेच असेल असं नाही, पण बघून घ्यायला हवं. आई, त्याच्या लग्नाची बोलणी चालू आहेत म्हणून तू मला गप्प राहायला सांगितलंस. "घराण्यात रोग आहे म्हणतील." म्हणू देत. स्थळाकडच्यांशी मी स्वतः बोलेन. पण त्याची पाठ वाकायला लागल्यावर त्या मुलीला कळावं, हे मला पटत नाही. आज लवकर सापडलं तर औषधं आहेत. सुजेवरच्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम, तेवढ्याने भागलं नाही तर इंजेक्शनं. त्यातलं अडालिमुमॅब २०१४ पासून आपल्याकडेच तयार होतं, त्यामुळे पूर्वीपेक्षा आवाक्यात आलंय, तरी स्वस्त नाही. ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात, कारण दबलेला टीबी उठू शकतो. मी सध्या गोळ्यांवर आहे. किडनीची काळजी करू नकोस, रक्त वेळच्या वेळी तपासतात.

बाबा, तुमचे मणके जुळून गेले असतील तर ते सुटणार नाहीत, हे डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. पण उरलेली हालचाल आणि दुखणं यांचं काहीतरी करता येतं. भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभे राहा आणि डोकं भिंतीला टेकतंय का बघा. टेकत नसेल तर आईने शिवणाची टेप घेऊन मधलं अंतर मोजावं आणि मला कळवावं. उशी पातळ घ्या. जमेल तसं पालथं झोपा. विडी सोडा, धुराने हा आजार वाढतो, नुसत्या फुप्फुसांसाठी सांगत नाही.

आणि कटिंगनंतर न्हाव्याकडून मान मोडून घ्यायची नाही. ना हाडवैद्याकडे जायचं. जुळलेला कणा वरून टणक वाटला तरी ठिसूळ असतो, अशा झटक्याने मोडू शकतो. घरात घसरून पडलात तरी "मुका मार आहे" म्हणून शेक घेत बसू नका, लगेच फोटो काढा.

पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं आणि छोट्या इकडे या. येताना माळ्यावरच्या ट्रंकेतले जुने एक्स-रे आणा, डाग पडले असले तरी. पट्टा आणू नका.

तुमची,
ताई

ता. क. आई, मेथीचे लाडू पाठव. औषध म्हणून नव्हे, खायला.