पुंगळ्या मोजणारं सैन्य

नागोया, जपान,
१२ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "बुलेट ट्रेनवाल्या देशात सैनिकाच्या खांद्यावर अजून १९८९ सालची बंदूक कशी रे?" मी हसण्यावारी नेलं. पण खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत जन्म काढलेल्या माणसाला असं वाटेला लावणं बरं नव्हे, म्हणून लिहायला बसलोय.

गेल्या महिन्यात इथल्या तळावर लोकांसाठी खुला दिवस होता. नातवाला रणगाडा बघायचा होता. मी अडकलो रायफलींच्या टेबलापाशी. टाइप ८९, म्हणजे तू म्हणतोस तीच १९८९ सालची, आणि तिला जागोजागी काळी चिकटपट्टी! मला वाटलं मोडकी आहे. जावई म्हणाले, सरावात सुटे भाग पडून हरवू नयेत म्हणून गुंडाळतात. ही सवय आधीच्या टाइप ६४ पासूनची. तिचे भाग म्हणे हटकून गळायचे. काही हरवलं की अख्खी तुकडी गवतात वाकून शोधत बसते. पुंगळ्यांचं तर विचारूच नकोस. जितकी काडतुसं दिली तितक्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायच्या, त्यासाठी रायफलीला पिशवीसुद्धा लावतात. एक कमी भरली तर शोधमोहीम! तुमच्या स्टोअरकीपरला इथे देव्हाऱ्यात बसवतील.

आणखी एक गंमत. गोळीबाराचा प्रकार बदलायच्या खटक्यावर 'सुरक्षित', 'एकेक' आणि 'सलग' या जपानी शब्दांची आद्याक्षरं असतात : अ, ता, रे. जोडून वाचलं तर 'अतारे', म्हणजे 'लाग रे बाबा नेमावर!'

आता नवी रायफल. डिसेंबर २०१९ मध्ये जर्मन एचके ४१६ आणि बेल्जियमची स्कार यांना मागे टाकून घरच्याच 'होवा' कंपनीची निवड झाली. मे २०२० मध्ये टाइप २० पत्रकारांना दाखवली. नळीतलं पाणी झटकन निघून जावं, खाऱ्या हवेत गंज चढू नये, डावखुऱ्यालाही चालवता यावी, असा सगळा विचार केलाय. कारण उघड आहे : लक्ष आता नैऋत्येच्या बेटांकडे. म्हणून तिकडच्याच सासेबो बंदराजवळच्या, बेटांवर उतरणाऱ्या ब्रिगेडला ती आधी मिळाली.

पण पहिल्या वर्षाची खरेदी किती? ३,२८३ नग! एकेक साधारण २ लाख ८० हजार येनला. भूदलाची मंजूर संख्या दीड लाखाच्या घरात. म्हणजे त्या गतीने प्रत्येकाच्या हाती नवी रायफल यायला पंचेचाळीस वर्षं. नव्या रायफलीची पेन्शन जवळ आली तरी कुणी तरी जुनीच वापरत असेल. टाइप ८९ च्या बाबतीत हेच झालं. ती आल्यावरही टाइप ६४ कितीतरी वर्षं नाविक आणि हवाई दलांत टिकून होती.

हा आळस नाही, सुहास. गिऱ्हाईक एकच आहे. शस्त्रनिर्यात अनेक दशकं जवळपास बंद होती, २०१४ मध्ये नियम सैल झाले तरी लष्करी रायफली काही बाहेर खपल्या नाहीत. सगळी मागणी एकदम दिली तर थोड्याच वर्षांत काम संपेल, मग कारागीर काय करणार? म्हणून दरसाल थोडं थोडं, चूल विझू नये इतकंच सरपण. तरी सुमितोमो हेवी इंडस्ट्रीजने २०२१ मध्ये मशीनगनच्या धंद्यातून अंग काढलंच. होवाचं मूळ मात्र गमतीचं : १९०७ मध्ये साकिची टोयोडांच्या यंत्रमागांसाठी उभी राहिलेली कंपनी ती! आजही तिच्या शिकारी रायफली अमेरिकेत विकल्या जातात.

२०२२ च्या शेवटी संरक्षणखर्च वाढवायचं ठरलं आणि खरेदीचा आकडा दुपटीहून वर चढला. मला, खरं सांगू, ते वाचून थोडं चुकल्यासारखं वाटलं. ज्या दलाने स्थापनेपासून लढाईत एकही माणूस मारला नाही, त्यालाच पंचेचाळीस वर्षांची चैन परवडते. आता घाई आली, म्हणजे भीतीही आली.

तुमच्याकडे मागणी आटली की यंत्रं आणि माणसं कशी टिकवायचात, हे तू कधीच सांगितलं नाहीस. सविस्तर लिही. फोनवर नको.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनय