तारीख घेतली आहे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रागावू नका. मधुमेहानं बाबांचे पाय दुखतात, त्यावरच्या उपचारासाठी मी डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारची तारीख घेतली आहे. विचारलं असतं तर नंदूकाकाच्या वेळचं सगळं पुन्हा निघालं असतं.

बाबा, दिवाळीत रात्री अडीचला तुम्ही मोरीत बादलीत पाय घालून बसला होतात. मला बघून म्हणालात, "झोप तू, जरा उकडतंय." लहानपणी भिंत धरून मी तुमच्या पोटऱ्यांवर चालायचे, तुम्ही म्हणायचा, अजून जोरात. आता त्याच पायांना चादर लागली तरी दचकता. गोळ्या वाढवल्या की दिवसभर गुंगी, कमी केल्या की रात्र बसून. हे मला बघवत नाही.

मोठी चिरफाड नाही हो. सुईवाटे दोन बारीक तारा पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवतात. त्यांतली सौम्य वीज दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जाताना अडवते. आधी आठवडाभर फक्त करून बघायचं, बॅटरी बाहेरच. दुखणं निम्मं तरी उतरलं तरच काडेपेटीएवढी बॅटरी कमरेपाशी कातडीखाली बसवतात, नाहीतर तारा काढून घरी. अमेरिकेत २१६ मधुमेही रुग्णांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. तीन महिन्यांनी तारा बसवलेल्यांपैकी ७९ टक्के लोकांचं दुखणं निम्मं किंवा त्याहून कमी झालं होतं, नुसत्या औषधांवर असलेल्यांत फक्त ५ टक्क्यांचं. तार सरकू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, तेही मी खोदून विचारलंय. मधुमेह यानं जाणार नाही. पण झोप लागेल, बाबा.

आई, तू तुळशीची काळजी करू नकोस, शेजारच्या वहिनींना सांगितलंय. आमच्याकडे खालचीच खोली तुमची, कमोडही बसवून घेतलाय. त्या आठवड्यात बाबांना अंघोळ नाही, अंग पुसायचं, तेवढं तूच त्यांच्या गळी उतरव. बाबांचा पितळी तांब्या आण, दुसऱ्यातलं पाणी त्यांना गोड लागत नाही.

पैशांचा विषय काढायचा नाही. साखर आटोक्यात हवी, नाहीतर तारीख पुढे जाईल. मुंजीत जिलबी नको म्हणजे नको. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टर सांगतील. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका, भाजलेलं कळत नाही. आई, तळवे रोज बघ.

रविवारी फोन करते. बाबा, तुम्हीच उचला.

तुमची,
छकुली