सूचना: आठवीच्या शिष्यवृत्तीसाठी शनिवारी बैठक

शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य आणि आठवीचे वर्गशिक्षक,

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, 11.30 वाजता, संगणक कक्षात बैठक आहे. विषय: एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातील हुशार मुलांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज.

निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये थेट बँक खात्यात मिळतात. सातवीत 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातीला 50) आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. इमामवाडा, सक्करदऱ्याकडच्या आपल्या कितीतरी मुलांना हे लागू होते.

मुलं हुशार आहेत, अडतं ते कागदांवर. आधारवर ‘पौर्णिमा’, दाखल्यावर ‘पोर्णिमा’ एवढ्यावरूनही पैसे अडकू शकतात. म्हणून वर्गशिक्षकांनी प्रत्येकाचे नाव अक्षर न अक्षर ताडून यादी आणावी.

- उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांना आजच सेतू केंद्रात पाठवा. रोजीवाल्यांची मजुरी बुडते, तेव्हा शक्य असेल तिथे सदस्यांनी सोबत जावे.
- सतत गैरहजर मुलांच्या घरी बैठकीआधी जाऊन या. कारण विचारा, रागावू नका.
- कोणाला मदत हवी, ते वर्गात सर्वांसमोर विचारू नये. ही विनंती नाही, नियम आहे.

येणे जमत नसेल तर शुक्रवारपर्यंत मुख्याध्यापकांना कळवा.

– सचिव, शाळा व्यवस्थापन समिती, नागपूर