एअरफ्लो सेन्सरची तुटकी वायर शोधणाऱ्या मिस्त्रींचे आभार

कराडजवळ हायवेला आमची गाडी गचके खात बंद पडली, तेव्हा पुढ्यातला डबा झाकून बॉनेट उघडायला आलेल्या मिस्त्रींचे आणि त्यांच्या हाताखालच्या मुलाचे मनापासून आभार. नाव विचारलं तर "गाडी चालू झाली ना ताई, बास," एवढंच म्हणाले.

बिघाडाचा कोड दाखवणाऱ्या स्कॅनरवर पी०१०२ कोड होता, म्हणजे एअरफ्लो सेन्सरचा (इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा सेन्सर) सिग्नल कमी. आधी एका ठिकाणी नुसता कोड बघून नवा सेन्सर घालायला सांगितलं होतं, आणि तो काही स्वस्त नसतो. यांनी मात्र आधी मल्टीमीटर काढला. कनेक्टरवर १२ व्होल्ट सप्लाय नीट, अर्थिंगही नीट. मग इंजिन चालू ठेवून सिग्नलच्या वायरीला मागून पिन लावली आणि मुलाला हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हळूहळू हलवायला सांगितलं. एअर फिल्टरच्या डब्यालगतच्या वळणावर त्याचं बोट पोचलं, की रीडिंग धाडकन शून्यावर आणि इंजिन बंद. वरचं इन्सुलेशन शाबूत, आतली तार तुटलेली! नुसत्या नजरेला हे कधीच सापडलं नसतं.

खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर सोल्डर केली, स्लीव्ह चढवली आणि पुन्हा ताण येऊ नये म्हणून थोडी ढील ठेवून बांधली. ट्रायल घेतल्यावरच पैसे घेतले, तेही फक्त मजुरीचे.

शेजारच्या रसवंतीवाल्या काकूंनी तोवर माझ्या आईला सावलीत बसवलं, पाणी दिलं. त्यांचेही खूप खूप आभार.