वांग्याच्या कुळाचं वय

प्रिय सतीश,

वांगी, बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखू, धोतरा हे सगळं एकच कुळ, तर मग ते आलं कधी आणि कुठून, असं तू विचारलं होतंस. दोन ओळीत सांगता येणार नाही रे, म्हणून पत्रच लिहितोय.

या कुळाचं शास्त्रीय नाव सोलॅनेसी, त्यात आज अडीच हजारांहून जास्त जाती आहेत पण जीवाश्म म्हणशील तर फारच थोडे, आणि जे आहेत ते बहुतेक बारीक बिया. रसाळ फळं, मऊ देठ, कुजायला कितीसा वेळ लागतो? त्यामुळे सगळी भिस्त डीएनएवर, आजच्या जातींमधले फरक मोजायचे आणि कोणती फांदी कधी फुटली याचा अंदाज बांधायचा. त्या हिशोबाने कुळाचं वय साडेतीन ते पाच कोटी वर्षं यायचं, आणि रसभरी (कागदी कंदिलात लपलेलं पिवळं फळ) आणि तिच्या जवळचा टोमॅटिलो यांची फांदी तर जेमतेम 1 कोटीची.

आणि मग 2017 मध्ये दक्षिण अर्जेंटिनातल्या पॅटागोनियामधल्या लागुना देल उंको या जागेची दोन जीवाश्म फळं जगासमोर आली, वय 5 कोटी 22 लाख वर्षं!! निदलपुंज (फुलाच्या बुडाची हिरवी वाटी) फुगून फळाभोवती कागदी कंदील झालेला, शिरांची जाळी दिसते, आणि एकात तर आतलं फळ कोळसा होऊन तसंच बसलंय. इतकी नाजूक गोष्ट टिकली कारण ती तळ्याच्या बारीक गाळात दबली. नाव दिलं फायसॅलिस इन्फिनेमुंडी, फायसॅलिस म्हणजे रसभरीचाच वंश.

आता यातली खरी गंमत बघ, रसभरी ही वंशावळीत बरीच उशिरा फुटलेली फांदी, तीच जर इतकी जुनी तर मूळ कुळ तिच्याही कितीतरी आधीचं असणार ना! तेव्हा दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया एकमेकांपासून पुरते सुटले नव्हते आणि आज कोरडा असलेला तो भाग उबदार, दमट जंगलाचा होता.

तू म्हणशील फुगीर निदलपुंज तर अश्वगंधेलाही असतो, मग ही रसभरीच कशावरून? शंका रास्त आहे. पण अश्वगंधाही त्याच उशिराच्या फांदीवरची, त्यामुळे नेमका वंश कुठलाही ठरो, कुळाचं वय मागे ढकलावंच लागतं असं माझं ठाम मत आहे. त्यात 2023 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधून मिरचीच्या जवळच्या फळांचे साधारण 5 कोटी वर्षांचे जीवाश्म जाहीर झाले, म्हणजे तोवर हे कुळ उत्तरेलाही पोचलेलं होतं.

मला आता डायनासोरच्या काळातलं या कुळाचं एखादं फूल सापडायला हवंय, नुसतं फळ नाही, फूल! तुला काय वाटतं ते सविस्तर लिही.

तुझा,
अविनाश